गुंडम्मा कथा (१९६२): मराठी प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

जुने तेलुगू सिनेमे पाहायची इच्छा असणाऱ्या मराठी माणसाला हमखास दोन नावं सांगितली जातात: ‘मायाबजार’ आणि ‘गुंडम्मा कथा’. पहिल्यातलं महाभारत आपल्या ओळखीचं असतं. दुसऱ्याबद्दल मात्र बरंच विचारलं जातं. त्यातल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. कथेचा शेवटही त्यात येतो. शेवट आधी कळला तरी या सिनेमाची गोडी कमी होत नाही असं माझं मत आहे, पण ज्यांना चालणार नाही त्यांनी आधी सिनेमा पाहावा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

गुंडम्मा ही पैसेवाली विधवा. घरात तीन मुलं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची लक्ष्मी ही सावत्र मुलगी, आणि सरोजा व प्रभाकर ही पोटची. लक्ष्मी पहाटेपासून राबते. सरोजा शिकलेली, लाडावलेली, तिला पाण्याचा पेलाही हातात लागतो. घंटय्या नावाच्या माणसाची घरात सतत ये-जा असते. तो गुंडम्माचे कान भरतो, आणि भूपती नावाच्या गुंडाशी सरोजाचं लग्न लावून द्यायचा त्याचा डाव असतो.

दुसरीकडे वेंकटरामय्या हे मोठे जमीनदार. गुंडम्माच्या दिवंगत नवऱ्याचे ते मित्र. त्यांना दोन मुलं, अंजनेय प्रसाद आणि राजा. मित्राच्या मुली सुना म्हणून आणायच्या असं त्यांच्या मनात असतं, पण लक्ष्मीचे हाल कानावर येतात आणि बापलेक मिळून बेत आखतात. थोरला ‘अंजी’ नावाचा भोळसट गडी बनून गुंडम्माच्या घरी कामाला राहतो आणि लक्ष्मीशी लग्न करतो. धाकटा सरोजाला प्रेमात पाडतो, लग्न होतं, आणि मग आपण जमीनदाराचे कोणी नव्हेच असं भासवून तिला कष्टाच्या संसारात ओढतो.

इकडे प्रभाकर पद्मा नावाच्या मुलीशी लग्न करतो आणि तिला सांभाळणारी दुर्गम्मा सोबत येते. ही बाई गुंडम्माच्याही वरचढ. बघता बघता घर तिच्या हातात जातं आणि गुंडम्मा स्वतःच्याच घरात परकी होऊन बसते. तिला सोडवायला लक्ष्मी आणि अंजीच येतात.

मग गुंडम्मा खलनायिका म्हणायची का?

नाही. या सिनेमाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

गुंडम्मा तोंडाळ आहे, चिक्कू आहे, सावत्र मुलीशी निर्दयपणे वागते. यातलं काहीच सिनेमा झाकत नाही. पण तिचं बोलणं नीट ऐकलं तर तिच्या रागाखाली भीती ऐकू येते. नवरा गेलेला, इस्टेट सांभाळायची, लेकीचं लग्न करायचं, मुलगा कच्चा. अशा बाईला गोड बोलणारा कोणीही सल्लागार वाटतो. घंटय्या तिला जसं फिरवतो तशी ती फिरते. कपटी बाई इतक्या सहज फसत नाही. खरं कपट आहे ते घंटय्याकडे आणि दुर्गम्माकडे, आणि त्या दोघांच्या तुलनेत गुंडम्मा अगदी पारदर्शक माणूस आहे. मनात येतं ते तोंडावर येतं.

म्हणून शेवटी तिची फजिती होते तेव्हा प्रेक्षकाला हवा तसा सूड मिळत नाही. तिची दया येते. जिला तिने मोलकरणीसारखं वागवलं तीच लक्ष्मी तिच्यासाठी धावत येते, तेव्हा लक्ष्मी फार थोर आहे म्हणून येते असं सिनेमा म्हणत नाही. तिच्या लेखी ती आई आहे, एवढंच. गुंडम्मा झालेल्या सूर्यकांतम यांनी हा बदल एकही वाक्य रडकं न करता दाखवला आहे.

एन. टी. रामाराव आणि नागेश्वरराव दोघंही असताना नाव गुंडम्माचं कसं?

त्या काळात हे खरोखर धाडस होतं. अंजी झालेल्या रामारावांचा हा १०० वा सिनेमा आणि राजा झालेल्या अक्किनेनी नागेश्वररावांचा ९९ वा. दोघांनी मिळून एकूण १४ सिनेमे केले, आणि त्यातला हा सर्वांत लोकप्रियांपैकी एक. जोडीला सावित्री (लक्ष्मी), जमुना (सरोजा), एस. व्ही. रंगाराव (वेंकटरामय्या). तरी नाव दिलं गेलं ते नेहमी सासू-सावत्र आईची कामं करणाऱ्या एका चरित्र अभिनेत्रीच्या पात्राचं. निर्माते नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी गोष्ट कुणाची आहे हे बरोबर ओळखलं होतं.

आणखी एक गंमत सुरुवातीलाच दिसते. श्रेयनामावलीत कलाकारांची नावं न देता त्यांचे फोटो दाखवले आहेत. दोन बरोबरीच्या नायकांपैकी आधी नाव कुणाचं, हा प्रश्नच मग उरत नाही.

अर्ध्या चड्डीतल्या रामारावांचा तो फोटो याच सिनेमातला का?

होय. ‘मायाबजार’मध्ये (१९५७) ते कृष्ण झाले होते, आणि आंध्रात घराघरात कृष्ण म्हटलं की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येत होता. अशा नटाला अर्धी चड्डी घालून, भाबडा चेहरा करून दगडी रगड्यावर पीठ वाटायला बसवलं. समोर सावित्री. तो वाटतो आहे आणि गातो आहे, ‘लेचिंदी निद्र लेचिंदी महिळा लोकम’, म्हणजे बायका झोपेतून जाग्या झाल्या.

हे गाणं लक्ष देऊन पाहावं. शब्द पिंगळी नागेंद्रराव यांचे. बायका खेड्यात पंचायतीत गेल्या, शहरात नोकऱ्या करू लागल्या, कायदेमंडळातल्या जागांसाठी नवऱ्यांशी भांडू लागल्या, पुरुषांचं जग हादरलं. हे सगळं तेलुगू संतकवी वेमना आणि भविष्य सांगणारे संत वीरब्रह्मम यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, असा गाणाऱ्याचा दावा. आंध्र प्रदेशात पंचायत राज १९५९ साली आलं होतं. आपल्याकडे महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या आणि हा सिनेमा ७ जून १९६२ ला लागला. म्हणजे गाण्यातली थट्टा त्या वेळी अगदी ताजी होती. पण ऐकणारी कोण? जिला त्या घरात उंबरठा ओलांडायची उसंत नाही ती लक्ष्मी. आणि रगडा फिरवणारा पुरुष. गाणं पुरुषांची बाजू घेऊन कुरकुरतं, आणि चित्र त्याच वेळी बाईच्या वाटणीचं काम पुरुषाच्या हातात देतं. शब्द आणि दृश्य यांची ही उलटापालट मला सिनेमातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

कथा मूळची कुठली?

मूळ कन्नड सिनेमा ‘मने तुंबिद हेण्णु’ (१९५८). दिग्दर्शक बी. विठ्ठलाचार्य, जे पुढे जादूच्या आणि राक्षसांच्या तेलुगू सिनेमांसाठी प्रसिद्ध झाले. गुंडम्मा हे नावही कन्नडमधूनच आलं. चक्रपाणींनी कथेची मांडणी बदलली, शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मधला गर्विष्ठ बायकोला वठणीवर आणण्याचा भाग त्यात मिसळला, आणि संवाद डी. व्ही. नरसराजूंनी लिहिले.

शेक्सपिअरचं हेच नाटक मराठी रंगभूमीवर त्याच्या कितीतरी आधी ‘त्राटिका’ या नावाने आलं होतं. वासुदेव बाळकृष्ण केळकरांचं ते रूपांतर शाहूनगरवासी नाटक मंडळीने गाजवलं आणि गणपतराव जोशींनी त्यातला प्रतापराव केला. नाटकवेड्या मराठी वाचकाला राजा आणि सरोजाचे प्रसंग पाहताना त्याची आठवण येईल.

‘चांदोबा’ मासिक काढणारे हेच का ते नागी रेड्डी?

हेच. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदामामा’ सुरू केलं आणि पुढे ते अनेक भारतीय भाषांत निघू लागलं. मराठीत त्याचं नाव ‘चांदोबा’. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टींसाठी पोस्टमनची वाट पाहिलेली मराठी पिढी या जोडीला, नाव ठाऊक नसतानाही, लहानपणापासून ओळखते.

त्यांच्या विजया प्रॉडक्शन्सचा पहिला सिनेमा ‘शावुकारु’ १९५० साली आला. मग ‘पाताळ भैरवी’, ‘पेळ्ळी चेसी चूडु’, ‘मिस्सम्मा’, ‘मायाबजार’. मासिकात आणि सिनेमात एक गोष्ट सारखी आहे: गोष्ट साधी, सरळ, घरातल्या कुणालाही कळेल अशी, पण रचना पक्की. चक्रपाणींनी बंगालीतून शरच्चंद्रांचं साहित्य तेलुगूत आणलं होतं. घरातल्या बायकांची धुसफूस, दिराची माया, भावजयीचा अबोला, हे सगळं त्यांना शरच्चंद्रांमुळे चांगलं परिचयाचं होतं. नागी रेड्डींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला.

दिग्दर्शक कोण?

कमलाकर कामेश्वरराव. त्यांची ओळख पौराणिक सिनेमांचे दिग्दर्शक अशी. पुढच्याच वर्षी आलेला ‘नर्तनशाला’ त्यांचाच. घरगुती विनोदी सिनेमाला त्यांनी पौराणिकाची एक चांगली सवय दिली: प्रत्येक पात्राला नीट प्रवेश द्यायचा, घाई करायची नाही. छायाचित्रण मार्कस बार्टली यांचं. रात्रीच्या प्रसंगांतला त्यांचा चंद्रप्रकाश काळ्यापांढऱ्यातही शीतल वाटतो. कलादिग्दर्शनात गोखले हे नाव दिसलं की मराठी प्रेक्षक हमखास विचारतो, म्हणून सांगते: ते तेलुगूच. माधवपेद्दी हे त्यांचं आडनाव, गोखले हे नाव. चित्रकार होते आणि तेलुगूत कथाही लिहीत.

सूर्यकांतम यांच्याबद्दल एवढं काय बोललं जातं?

तेलुगू प्रदेशात असं म्हणतात की त्यांच्यामुळे लोकांनी मुलींचं नाव सूर्यकांतम ठेवणं सोडून दिलं. नाव चांगलं, पण उच्चारलं की कमरेवर हात ठेवलेली सासू दिसायची. आपल्याकडे ललिता पवारांच्या वाट्याला जे आलं त्याच जातीचं हे यश. १९२४ साली काकीनाड्याजवळ जन्म, १९९४ मध्ये निधन. प्रत्यक्षात अतिशय मायाळू बाई होत्या. सेटवर घरून खाऊचे डबे आणून सगळ्यांना आग्रहाने वाढायच्या, ही आठवण त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं सांगत आली आहेत.

त्यांचं काम पाहताना आवाजाकडे कान द्या. गुंडम्मा ओरडते कमी, टोचून जास्त बोलते. वाक्य संपताना स्वर वर नेऊन सोडून द्यायची त्यांची पद्धत तेलुगू न समजणाऱ्यालाही कळते. आणि दुर्गम्मा झालेल्या छायादेवींसमोर हाच आवाज हळूहळू खाली येत जातो. दोन तोंडाळ बायकांची जुगलबंदी म्हणून ते प्रसंग लोक हसत पाहतात, पण त्यात एक बाई आपली जागा गमावते आहे हेही दिसत राहतं.

सावित्री आणि जमुना यांच्यापैकी कुणाचं काम सरस?

तुलना करू नये असं वाटतं, तरी सगळे करतात. सावित्रींची लक्ष्मी सोशिक आहे, आणि सोशिक पात्र कंटाळवाणं होण्याचा धोका असतो. सावित्री ते होऊ देत नाहीत. अंजी मुद्दाम वेड्यासारखा वागतो तेव्हा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं आणि पटकन मावळतं. त्या घरात लक्ष्मीला हसायची सवय राहिलेली नाही, हे एवढ्यावरून समजतं. सावित्रींच्या आयुष्यावरचा ‘महानटी’ (२०१८) पाहून त्यांच्याकडे वळलेल्यांनी हे काम आवर्जून पाहावं.

जमुनांचं काम वरवर सोपं, नखरेल मुलीचं. पण सरोजा बागेत मजुरीला लागते तेव्हापासून त्या भूमिका बदलत नेतात. पडद्यामागचीही एक हकिगत आहे. रामाराव आणि नागेश्वरराव या दोघांनीही काही वर्षं जमुनांबरोबर काम करणं बंद केलं होतं. या सिनेमाच्या निमित्ताने विजया संस्थेने तो अबोला मिटवला.

गाणी कुणाची?

संगीत घंटसाला यांचं. रामाराव आणि नागेश्वरराव या दोघांनाही आवाज त्यांचाच, तरी अंजी गातो आणि राजा गातो यात फरक जाणवतो. बायकांचे आवाज पी. सुशीला आणि पी. लीला यांचे. ‘एंत हायी’ हे चांदण्या रात्रीचं गाणं आजही तेलुगू घरांत गुणगुणलं जातं. ‘प्रेम यात्रलकु बृंदावनमु’मध्ये प्रेमिकांना वृंदावनात किंवा नंदनवनात जायची गरजच काय, असा सवाल आहे. ‘अलिगिन वेळने चूडालि’ची चाल एकदा कानात बसली की दिवसभर सोडत नाही.

सरोजाला ‘वठणीवर आणणं’ आज खटकत नाही का?

खटकतं, आणि खटकायला हवं. नवरा खोटं बोलून लग्न करतो, मग मुद्दाम हाल सोसायला लावतो, आणि बायको नमली की सगळं गोड होतं. शेक्सपिअरपासून चालत आलेला हा सांगाडा बायकांवर अन्याय करणाराच आहे. जुना सिनेमा आहे म्हणून त्याला सूट द्यावी असं मला वाटत नाही.

तरी एक गोष्ट या सिनेमाच्या बाजूने सांगायला हवी. सरोजाला एकटीला मजुरी करावी लागत नाही, राजाही बागेत तिच्याबरोबर राबतो. अंजी तर पहिल्यापासून गडीच आहे. वेंकटरामय्यांची मुलं कष्टाचं नाटक करायला जातात, पण कष्ट खरे करतात. सिनेमात माणसं बदलतात ती भाषणांनी बदलत नाहीत. कुणी वाटायचं, कुणी पाणी भरायचं, कुणी बसून खायचं, याची वाटणी बदलली की ती बदलतात. लक्ष्मीचा मान वाढतो तो अंजी तिच्या हातातलं काम घेतो तेव्हा. गुंडम्माला लक्ष्मी कळते ती दुर्गम्माचा हुकूम झेलावा लागल्यावर. हे धरून पाहिलं तर सरोजाचा भागही थोडा निराळा दिसतो, पूर्ण माफ मात्र होत नाही.

याला ग्रामीण सिनेमा म्हणता येईल का?

शेत, नांगर, पाऊस, सावकार अशा अर्थाने नाही. हा गावातल्या घराचा सिनेमा आहे: ओसरी, मागचं अंगण, स्वयंपाकघर, आणि शेजारीपाजारी सगळं ऐकत असतात ही कायमची धाकधूक. ते घर मद्रासच्या विजया-वाहिनी स्टुडिओत उभारलेलं आहे. शेतकऱ्याचं गाव पाहायचं असेल तर १९५५ चा ‘रोजुलु मारायी’ पाहावा. त्यात जमीनदाराच्या कचाट्यातली कुळं आहेत, आणि ‘एरुवाका सागारो’ या पेरणीच्या गाण्यावर नाचणारी तरुणी म्हणजे मुंबईला येण्याआधीच्या वहिदा रेहमान.

तेलुगू येत नाही, समजेल का?

समजेल. कथा सरळ आहे आणि अभिनय बोलका. नात्यांचे शब्द आधी माहीत असले की बरं: अत्ता म्हणजे आत्या आणि सासूही, मामा म्हणजे मामा आणि सासराही, बावा म्हणजे मेहुणा किंवा आत्तेभाऊ-मामेभाऊ, वदिना म्हणजे वहिनी. नावापुढचं ‘गारू’ आदरार्थी. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडेही बऱ्याच समाजांत होतं, त्यामुळे ही नात्यांची गुंफण मराठी माणसाला अवघड जात नाही.

सोलापूरकरांना तर शिकवायची गरजच नाही. तिथल्या विणकर पद्मशाली घरांत तेलुगू बोललं जातं. शेजारी असं घर असेल तर सरळ तिथल्या आजींसोबत सिनेमा पाहा. संवादांचा खरा अर्थ आणि कुठल्या वाक्याला का हसायचं, हे त्या उपशीर्षकांपेक्षा कितीतरी चांगलं सांगतील.

दुसऱ्या भाषांत झाला का? आणि आता पुन्हा का काढत नाहीत?

तमिळमध्ये ‘मनितन मारविल्लै’ या नावाने चक्रपाणींनी स्वतः केला. रामारावांच्या जागी जेमिनी गणेशन होते. तेलुगूसारखं यश त्याला आलं नाही.

नव्याने काढायची चर्चा आंध्र-तेलंगणात दर काही वर्षांनी होते. रामाराव आणि नागेश्वरराव यांच्या पुढच्या पिढ्याही नट आहेत, त्यामुळे अंजी आणि राजा कोण यावर लोक आवडीने बोलतात. गाडी अडते ती गुंडम्मापाशी. सूर्यकांतम यांच्या जागी कोण, याला आजवर कुणी पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

हा आवडला तर पुढे काय पाहावं?

आधी ‘मिस्सम्मा’ (१९५५). तीच संस्था, रामाराव-नागेश्वररावांची तीच जोडगोळी, आणि सावित्री पूर्ण वेगळ्या, तडफदार भूमिकेत. मग ‘तोडी कोडळ्ळु’ (१९५७). शरच्चंद्रांच्या ‘निष्कृती’वर आधारलेला, एकत्र कुटुंबातल्या जावाजावांचा सिनेमा. त्यानंतर ‘शावुकारु’. दोन शेजारी घरं, लोभी सावकार आणि मोडता मोडता राहिलेली सोयरीक. त्यातल्या नायिकेला सिनेमाचंच नाव कायमचं चिकटलं आणि त्या ‘सावकार’ जानकी झाल्या.